तीन किलो जास्त

"सर, विमान नक्की येणार ना?"

रमिलाने हा प्रश्न चौथ्यांदा विचारला तेव्हा सकाळचे सव्वासहा वाजले होते आणि मी हातात खराटा घेऊन धावपट्टीवरचा मका झाडत होतो. त्या वर्षी मी शाळेचा प्रभारी मुख्याध्यापक होतो. प्रभारी म्हणजे पगार शिक्षकाचा आणि बोलणी मुख्याध्यापकाची.

"येणार गं बाई. न यायला ते काय मंत्री आहे?"

ती हसली नाही. रमिला पावरा माझ्या विनोदांना कधीच हसत नसे. मी जे बोलेन ते वहीत उतरवून घेण्यासारखंच असणार, अशी तिची समजूत होती. आठवी ब. पाड्यावरून रोज चार किलोमीटर चालत शाळेत यायची. आज धावपट्टी गाठायची म्हणून सात चालून आली होती, आणि तरी बाकीच्या अकरा जणांच्या आधी पोचली होती. केसांना चपचपीत तेल, दोन लाल रिबिनी, आणि हातात जेवणाचा डबा. विमानात भूक लागली तर असावा म्हणून.

आमच्या तालुक्याला धावपट्टी आहे म्हटलं की बाहेरचे लोक हसतात. हसोत बापडे. कुणा मोठ्या माणसाला एकदा इथे उतरायचं होतं, म्हणून ती झाली. तो उतरला, भाषण ठोकून गेला, आणि पुढे वीस वर्षं त्या डांबरावर लोकांनी मका वाळवला, मिरच्या वाळवल्या. निम्मा तालुका तिथेच स्कूटर शिकला. मीही तिथेच शिकलो आणि तिथेच गुडघा फोडून घेतला. विमान सोडून त्या जागेचा सगळा उपयोग आम्ही केला होता.

अशा ठिकाणी विमान आणायची बुद्धी झाली ती नाशिकच्या एका दाताच्या डॉक्टरांना. डॉक्टर रेगे. चार मित्रांत मिळून त्यांनी एक जुनं चार आसनी विमान घेतलं होतं आणि सुट्टीच्या दिवशी लहान लहान गावांत जाऊन ते शाळेतल्या पोरांना फुकट फिरवून आणायचे. सरकारची योजना नाही, कुणाची जाहिरात नाही, पुढे निवडणूक नाही. त्यामुळे आमच्याकडे आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. त्यांनी पत्रात लिहिलं होतं, 'एका जरी पोराच्या डोक्यात विमान शिरलं तरी माझं पेट्रोल वसूल झालं.' चार फेऱ्या, दर फेरीत तीन मुलं, म्हणजे बारा मुलं निवडा. सकाळी लवकर सुरू करू, कारण दहा वाजले की ऊन चढतं, वारा भलता होतो, मग लहान विमान उडवणं बरं नाही.

मी निवड अगदी निष्पक्षपणे केली. एकदा तरी करून बघावी म्हटलं. सगळ्या आठवीला सांगितलं, विमानाबद्दल तुम्हाला पडलेला एक प्रश्न लिहा. साठातल्या चाळीस जणांना 'विमानाचा शोध कोणी लावला?' हाच प्रश्न पडला होता, कारण तो गाइडात होता. रमिलाने लिहिलं होतं: 'आमच्या पाड्यावरून विमान जाते तेव्हा पांढरी रेघ राहते. नंतर ती रेघ पुसते कोण?'

मी तो कागद दोनदा वाचला. निवडीची यादी करताना मात्र तिचं नाव बाराव्या नंबरावर टाकलं. पोर गरीब होती. रडणार नाही, भांडणार नाही, बाप येऊन टेबलावर हात आपटणार नाही. अशा पोरांना शेवटी ठेवलं की कामं सुरळीत होतात, हे मी पंचवीस वर्षांच्या नोकरीत शिकलो होतो.

डॉक्टरांच्या पत्राच्या शेवटी एक ओळ लाल शाईत होती: 'प्रत्येक मुलाचं अचूक वजन कळवा. विमान लहान आहे.'

आता वजन म्हटलं की आमच्या शाळेइतकी जय्यत तयारी कुणाची नसेल. शाळेत पोषण आहार शिजायचा, म्हणून दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाचं वजन आणि उंची रजिस्टरला लावावी लागे. काटा होता आमच्याकडे. रमिला पाचवीत आली त्याच वर्षी त्या काट्यावर दोन शिपाई पैज लावून एकदम उभे राहिले, आणि तो जो अडकला तो अडकलाच. मी दुरुस्तीचा अर्ज केला. अर्जाला उत्तर आलं नाही, पण रजिस्टर तपासायला माणूस मात्र न चुकता यायचा. मग मी काय करणार? खुर्चीत बसल्या बसल्या पोरांना वाढवायला लागलो. दर तीन महिन्यांनी सव्वा किलो. ताप येवो, परीक्षा येवो, घरी चूल पेटो न पेटो, सव्वा किलो म्हणजे सव्वा किलो. माझ्या रजिस्टरात कुपोषण औषधालाही नव्हतं. एकदा तर त्याबद्दल माझं कौतुकाचं पत्र आलं होतं.

तपासणीचे साहेब कधी कधी एखाद्या पोराला उभं करून विचारायचे, "बाळ, तुझं वजन किती?" म्हणून मी वजनं पाढ्यांसारखी पाठ करून घ्यायचो. बाकीची पोरं घोळ घालायची, शेजारच्याचं वजन सांगून मोकळी व्हायची. रमिला कधी चुकली नाही. उभी राहणार, हात बाजूला ठेवणार आणि एका दमात म्हणणार, "सेहेचाळीस किलो, एकशे पन्नास सेंटिमीटर, सर."

रजिस्टरातले तेच आकडे मी सुवाच्य अक्षरात उतरवले, खाली शाळेचा शिक्का मारला आणि नाशिकला पाठवून दिले. माझ्या मनात काडीचीही शंका आली नाही, हे आज सांगताना मलाच नवल वाटतं.

सात वाजून वीस मिनिटांनी विमान आलं. आधी आवाज, मग ठिपका, मग धावपट्टीच्या टोकाला टेकलेली तीन चाकं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. रमिलाने वाजवल्या नाहीत. ती डबा छातीशी धरून नुसती बघत उभी राहिली होती.

डॉक्टर रेगे बुटके, गोरटेले, डोक्याला पांढरी टोपी. उतरल्या उतरल्या त्यांनी खिशातून दात तपासायचा तो छोटा, लांब दांडीचा आरसा काढला आणि इंजिनाच्या फटींतून घालून आत बघायला लागले.

"कीड आहे का बघतोय," ते पोरांना म्हणाले. "यालाही वेळच्या वेळी बघावं लागतं. या, जवळ या. हात लावा. चावत नाही."

पोरं जवळ गेली. डॉक्टरांनी पंखाची कडा हलवून दाखवली, शेपूट हलवून दाखवली, हात सपाट धरून वाऱ्यात तिरका केला की तो वर कसा उचलला जातो ते करून दाखवलं. मग माझ्याकडून पोरांचे प्रश्न मागून घेतले आणि एकेक वाचता वाचता थांबले.

"रेघ पुसणारी कोण?"

रमिला पुढे झाली.

"छान विचारलंस. ती रेघ म्हणजे वाफ असते बरं का, गोठलेली. वारा पुसतो तिला. पण हे तू वर जाऊनच बघ. तू माझ्या शेजारी पुढे बसायचं. समोरचे सगळे काटे तुला दाखवतो, आणि वर गेल्यावर दोन मिनिटं तुझ्या हातात देतो. चालेल?"

"तुम्ही सोडून देणार?"

"मी आहे ना बाजूला. पण वळवायचं तू."

रमिलाने माझ्याकडे बघितलं. परवानगी मागत होती. मी मान हलवली. त्या क्षणापासून त्या मुलीला पुढची जागा सोडून दुसरं काही दिसेना. विमानाच्या काचेतून रमिला ती जागा पुन्हा पुन्हा बघून यायची.

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब आले. बरोबर पत्नी, सूनबाई, नातू यशराज, गळ्यात घालायला हार, फोडायला नारळ आणि फोटो काढायला एक जण. त्यांच्या मागोमाग स्वतःच्या फटफटीवरून आमचे विस्तार अधिकारी ठोंबरे साहेब आले. रजिस्टरं तपासणारे ते हेच.

पूजा झाली. बापूसाहेबांच्या पत्नीला नारळ विमानाच्या पंख्यावर फोडायचा होता. डॉक्टर दोन्ही हात पसरून आडवे झाले. "आई, चाकापाशी फोडा, जमिनीवर फोडा, वाटल्यास माझ्या डोक्यात फोडा, पण पंख्यावर नको!" शेवटी नारळ जमिनीवर फुटला आणि पंख्याला घातलेला हार डॉक्टरांनी हळूच काढून ठेवला.

"चला, पहिली तीन मुलं," डॉक्टर म्हणाले.

"मुलं जातीलच हो," बापूसाहेब म्हणाले. "त्यांच्यासाठीच तर सगळा खटाटोप. पण आधी उद्घाटन नको? ही धावपट्टी मोकळी कुणी करून दिली, परवानगी कुणी आणली?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी धावपट्टीकडे पाहिलं. अजून थोडा मका राहिला होता.

"तुमचं वजन?" डॉक्टरांनी विचारलं.

"पंचाहत्तर."

डॉक्टरांनी त्यांना वरून खाली न्याहाळलं आणि पॅडवर अठ्ठ्याण्णव लिहिलं. मग आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा नियम सांगून ठेवतो. पायलट सोडून तीन माणसांचे मिळून एकशे साठ किलो, त्यावर एक नाही. माणूस आणि आकडा जमत नसतील तर दोघांत जो जड तो धरायचा. म्हणून मी अजून दात काढत फिरतोय."

पहिल्या फेरीला बापूसाहेब आणि त्यांच्या पत्नी गेल्या. तिसऱ्या माणसाची सोयच उरली नव्हती. ती जागा रिकामी गेली.

दुसऱ्या फेरीला पोरं गेली, तीन. ती उतरली तेव्हा त्यांची तोंडं बघण्यासारखी होती. एक पोरगा उतरून नुसता उभाच, बोलेना. दुसरी ओरडत सुटली, "सर, आमच्या छतावर वाळत घातलेले पापड दिसले! आईपण दिसली!" मी आयुष्यात पोरांना पुष्कळ काही शिकवलं, पण माझ्या तासातून असं तोंड घेऊन कुणी बाहेर पडल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्या फेरीला ठोंबरे साहेब. "मुलांच्या सुरक्षिततेची प्रत्यक्ष खातरजमा करणं माझं कर्तव्य आहे," ते म्हणाले. त्यांच्याबरोबर दुसरा कर्तव्यदक्ष माणूस कोण होता म्हणता? मीच. साहेब म्हणाले, "चला सैंदाणे सर," आणि मी नाही म्हणालो नाही. नऊ पोरं उन्हात रांगेत उभी होती आणि मी त्यांच्यासमोरून जाऊन पट्टा बांधून बसलो. आम्हा दोघांच्या वजनात तिसरी जागाही रिकामी गेली. वर फार छान वाटलं. खोटं कशाला बोलू? खाली नदी दिसली, शाळा दिसली, ती रांग दिसली. तिच्या टोकाला दोन लाल रिबिनीही दिसल्या.

खाली आलो तेव्हा पावणेदहा झाले होते. डॉक्टरांनी थुंकी लावलेलं बोट हवेत धरलं, धावपट्टीच्या कडेची पिशवी कशी उडतेय ते पाहिलं.

"शेवटची फेरी. यानंतर मी लगेच नाशिकला निघणार. कुठंय ती रेघ पुसणारी? आणि तिच्याबरोबर दोघं."

रमिला धावत आली. तेवढ्यात यशराजने धावपट्टीवर लोळण घेतली. आजोबा गेले, आजी गेली, मी का नाही? वय वर्षं दहा. बापूसाहेब म्हणाले, "घ्या हो डॉक्टर त्याला, तोही मुलगाच आहे." ते खरं होतं. पण पोरगं आईशिवाय बसेना. म्हणून सूनबाई आल्या.

"तुमचं वजन, ताई?"

"एक्याऐंशी," त्या म्हणाल्या. "याचं छत्तीस. परवाच डॉक्टरकडे केलंय." त्या दिवशी त्या मैदानावर खरा आकडा सांगणारं मोठं माणूस म्हणजे त्या एकट्याच.

डॉक्टरांनी बेरीज केली. एकशे सतरा. उरले त्रेचाळीस. मग माझ्या सुवाच्य यादीवरून बोट फिरवलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"रमिला पावरा, सेहेचाळीस. बसत नाही." बोट वर गेलं. "हा पंचेचाळीस. ही चव्वेचाळीस. हा अठ्ठेचाळीस. अहो मास्तर, तुमच्या शाळेत त्रेचाळीसच्या आत एकही पोर नाही? खायला काय घालता?"

कुणी तरी हसलं. ठोंबरे साहेब अभिमानाने पुढे आले. "डॉक्टर, पोषण आहारात ही शाळा तालुक्यात पहिली आहे."

डॉक्टरांनी रमिलाकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. तिच्या मनगटाकडे, गळ्याच्या हाडांकडे.

"ही सेहेचाळीस वाटत नाही. काटा आहे का इथे कुठे?"

काटा कालपर्यंत होता. मक्याच्या व्यापाऱ्याचा, मोठा, पोती मोजायचा. आम्हीच काल त्याला पोत्यांसकट हाकलून दिलं होतं, मैदान छान दिसावं म्हणून. गाव सहा किलोमीटर लांब, आणि पिशव्या आता कुंपणाला जाऊन चिकटायला लागल्या होत्या.

"मास्तर," डॉक्टर माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हा आकडा बरोबर आहे ना? तुम्ही नाही म्हणा, मी तिला आत्ता बसवतो. तुमचा शब्द मला पुरे."

माझ्या शेजारी ठोंबरे साहेब उभे होते. त्यांच्या बगलेत कसली तरी फाइल होती. माझ्या डोळ्यांपुढे ते लाल कापडाच्या बांधणीचं रजिस्टर आलं, चौकशी आली, निलंबन हा शब्द आला, बायकोचं तोंड आलं.  एक शब्द बोलायचा होता. 'नाही.' दोन अक्षरं. पहिलीतलं पोर लिहितं.

"रजिस्टरला आहे तोच आकडा आहे, डॉक्टर," मी म्हणालो.

बघा, किती हुशारीचं वाक्य. त्यात खोटं म्हणून काही नव्हतं.

डॉक्टर रमिलासमोर वाकले. "बाळ, तूच सांग. तुझं वजन किती?"

ती ताठ उभी राहिली. डबा खाली ठेवला, हात बाजूला घेतले.

"सेहेचाळीस किलो, एकशे पन्नास सेंटिमीटर, सर."

एका दमात. एक अक्षर चुकलं नाही. ठोंबरे साहेब म्हणाले, "शाब्बास."

डॉक्टरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तीन किलो जास्त होतात गं."

"मी चपला काढते," रमिला म्हणाली. तिने काढल्यासुद्धा. "डबापण ठेवते. रिबिनी काढू?"

"त्याने तीन किलो होत नाहीत, बाळ."

"मी उतरते ना," सूनबाई विमानाच्या दारातून म्हणाल्या, "तिला बसू दे." पण यशराजने त्यांच्या पदराला असा काही विळखा घातला आणि असा काही गळा काढला, की बापूसाहेब खालून ओरडले, "तू बस गं गप! पोरगं घाबरलंय!" त्या बसल्या. डॉक्टर अजून माझ्याकडे बघत होते. मी चष्मा पुसत होतो. मला चष्मा पुसायची फार सवय आहे.

विमान निघालं. मागच्या बाकावर मायलेक, आणि पुढे डॉक्टरांच्या शेजारची जागा रिकामी. काचेतून ती आम्हाला अगदी स्वच्छ दिसत होती. ते धावलं, उचललं गेलं, वळलं. रमिला अनवाणी उभी राहून ते लहान होईपर्यंत बघत राहिली. डांबर तापायला लागलं होतं, तरी तिने चपला घातल्या नाहीत.

"सर," ती म्हणाली, "मी सकाळी भाकरी खाल्ली. नसती खायला पाहिजे होती ना?"

 मला माझ्या जिभेची, चष्म्याची, त्या शिक्क्याची, सगळ्याची लाज वाटली. पण अशी नुसती लाज वाटून घ्यायला पैसे पडत नाहीत. ती मला पुढेही बरीच वर्षं फुकट वाटत राहिली.

फेरी संपली, मायलेक उतरले. डॉक्टरांनी इंजिन बंदसुद्धा केलं नाही. रमिलाला खिडकीतून ओरडून सांगितलं, "पुढच्या वर्षी! तुझी जागा ठेवतो!" आणि ते गेले. ते पुन्हा आले नाहीत. चौघांतल्या एका मित्राला पैशांची नड लागली आणि त्या वर्षी विमानच विकावं लागलं, असं त्यांचं पत्र आलं. पत्रात त्यांनी रमिलाची चौकशी केली होती.

पांगापांग झाल्यावर मात्र मला राहवेना. ठोंबरे साहेब फटफटीला किक मारत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि एका श्वासात सगळं ओकलो. काटा चार वर्षं बंद आहे. आकडे मी बसून लिहिले. ती पोरगी सेहेचाळीस किलोची नाही. काय कारवाई करायची ती करा.

साहेबांनी किक मारायची थांबवली. इकडे तिकडे बघितलं. मग म्हणाले, "हळू बोला हो. मला काय माहीत नाही? मीही बारा वर्षं मास्तरकी केलीय."

"म्हणजे तुम्हाला—"

"सगळ्याच शाळांचं सव्वा-सव्वा किलोने वाढतं. तुम्ही दिवाळीलाही दीड करत नाही, म्हणून तर तुमचं रजिस्टर मला खऱ्यासारखं वाटायचं." ते हसले. "आता मेहरबानी करून दुरुस्ती-बिरुस्ती करू नका. एकदम दहा-पंधरा किलो उतरले तर वरून पथक येईल. आहे ते राहू द्या. बरी झाली आजची सकाळ, नाही? नदी काय दिसत होती वरून!"

आणि ते गेले. म्हणजे ज्या माणसाला घाबरून मी त्या पोरीच्या तोंडचा घास काढून घेतला, त्याला माझं पाप चार वर्षं तोंडपाठ होतं. मी 'नाही' म्हणालो असतो तर त्यानेच आधी मान फिरवली असती. माझं एक इन्क्रिमेंटसुद्धा हललं नसतं. इतक्या स्वस्तात मी विकला गेलो होतो, आणि तेही गिऱ्हाईक नसताना.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती, 'ग्रामीण विद्यार्थ्यांची गगनभरारी'. फोटोत बापूसाहेब पायरीवर उभे राहून हात हलवत होते. ती बातमी चौकट करून शाळेत लावली. मी निवृत्त झालो तेव्हा ती तिथेच होती.

सोमवारी मी मक्याच्या व्यापाऱ्याकडे गेलो, त्याचा काटा हातगाडीवर घालून आणला आणि आठवी ब च्या वर्गाबाहेर मांडला. व्यापाऱ्याने विचारलं, "मास्तर, आता पोरं विकायला काढली का?"  त्या दिवशी तोंड उघडायची माझी लायकी नव्हती.

एकेक पोर चढायला लागलं. पहिला आला तो पस्तीस. रजिस्टरला अठ्ठेचाळीस. दुसरी तेहतीस. मी खोडत होतो, लिहीत होतो. पोरांना मजा वाटत होती; एकमेकांना ढकलत होती, "ए, तू हलका झाला रे!" म्हणून ओरडत होती.

रमिलाची पाळी आली. तिने आधी चपला काढल्या, मग काट्यावर चढली. हात बाजूला घेऊन ताठ उभी राहिली. काटा थरथरला आणि थांबला.

एकतीस.

ती खाली वाकून बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "सर, हा काटा बिघडलेला आहे?"

"नाही."

"मग मी आजारी होते का? पंधरा किलो कमी झाले."

"नाही गं. तू आधीपासून एवढीच आहेस. मी... रजिस्टरला चूक होती. माझी."

मला वाटलं, आता ती रडेल. रडली असती तर फार बरं झालं असतं. पण रमिला रडणारी नव्हतीच, म्हणूनच तर मी तिला बाराव्या नंबरावर टाकलं होतं. तिचे ओठ हलत होते. गणितात हुशार होती ती. बोटांवर काही तरी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि काट्यावरूनच माझ्याकडे बघून विचारलं,

"एकशे सतरा आणि एकतीस, एकशे अठ्ठेचाळीस होतात. मग मी बसले असते ना, सर?"

"हो," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. खाली उतरली, चपला घातल्या आणि मागच्या मुलीला म्हणाली, "चढ. नीट उभी राहा. सर खरं वजन लिहितायत."